डब्यातली नाणी आणि दिवाळीची चिंच

मालवणहून एका ताईंनी लिहिलं आहे : "आजोबा आगबोटीवर कामाला होते. त्यांचा पत्र्याचा डबा आता माझ्याकडे आला आहे. आत लहानमोठी ६३ नाणी आहेत. चांदीचे आठ रुपये, एका बाईचं चित्र आणि १७८० साल असलेलं मोठं नाणं, सिंहाची काही नाणी, 'श्री राजा शिव' लिहिलेली तांब्याची पाच, गोव्याची पोर्तुगीज नाणी, भोकाचे पैसे, आणि एकावर राम-सीता-लक्ष्मण, मागे ईस्ट इंडिया कंपनी १८१८. आई दर दिवाळीला रुपये चिंचेने घासून लक्ष्मीपूजनात ठेवते. तांब्याच्या नाण्यांवर हिरवं काहीतरी चढलं आहे. सगळी पितांबरीने एकदाच स्वच्छ करावीत का? त्यांची किंमत किती येईल? वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला दीड लाख देतो, आधी नोंदणीचे २,५०० भरा, असा एकाचा फोन आला होता. भाऊ शारजाला असतो, काही नाणी त्याच्याकडे पाठवली तर चालतील का?"

ताई, २,५०० रुपये भरले नसतील तर भरू नका, आणि पितांबरीचा पुडा फोडला नसेल तर फोडू नका. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सावकाश देऊ.

आधी चिंचेबद्दल, कारण दिवाळी दरवर्षी येते. टांकसाळीत ठशाखाली दाबताना नाण्याची धातू मधून कडेकडे सरकते. त्या सरकण्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली हळूहळू कलतं करा, उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरताना दिसेल. तो या रेषांमुळे दिसतो. चिंच, लिंबू, कोकम यांतलं आम्ल काळा-तपकिरी थर काढतं आणि त्यासोबत वरची धातूही थोडी खातं. पितांबरी, राखुंडी, टूथपेस्ट यांतली भुकटी उरलेल्या रेषा खरवडून टाकते. एकदा गेलेल्या रेषा परत आणायचा काही उपाय नाही. घासलेला रुपया भिंगातून पाहिला की लगेच ओळखू येतो : गाल आणि कपाळ आरशासारखं चकचकीत, अक्षरांच्या खोबणीत काळं तसंच, आणि सगळीकडे एका दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे. संग्राहक अशा नाण्याला न घासलेल्यापेक्षा बरंच कमी देतो, मग साल दुर्मीळ का असेना. अॅल्युमिनियमची फॉइल, सोडा आणि गरम पाणी हा व्हिडिओवाला उपायही नको. त्यात काळेपणा जातो, पण नाणं पांढुरकं, निर्जीव आणि डागाळलेलं होतं.

आईंनी घासलेल्या आठ रुपयांना आता काही करू नका. कोरड्या जागी ठेवले तर काही वर्षांत त्यांच्यावर पुन्हा हलका करडा रंग धरेल आणि ते बरे दिसू लागतील.

आता ओळख. स्वच्छतेआधी ओळख पटवायची, कारण काय साफ करायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे त्यावरच ठरतं. लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत : ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला डिजिटल काटा, प्लॅस्टिकचा व्हर्निअर (लोखंडी जबड्याने कड ओरखडते), सराफ वापरतात ते १० पटीचं भिंग आणि एक लोहचुंबक. टेबलावर मऊ टॉवेल पसरा, हात साबणाने धुऊन कोरडे करा, नाणं फक्त कडेने धरा. बोटाचा घाम तांब्यावर ठसा सोडतो आणि तो काही महिन्यांनी कायमचा उमटतो. प्रत्येक नाण्याला क्रमांक देऊन वहीत वजन, व्यास, कड (कंगोरे आहेत, गुळगुळीत आहे की अक्षरं आहेत) आणि दिसतात तशी अक्षरं उतरवा. खिडकीतून तिरपा उजेड येत असताना दोन्ही बाजूंचे फोटो काढा. सहा-सात संध्याकाळी जातील, पण पुढचं सगळं या वहीवर चालेल.

चांदीचे रुपये, आपल्याकडे ज्यांना कलदार किंवा राणी छाप, राजा छाप म्हणतात, ते १८३५ पासून एका ठरावीक मापाचे आहेत : वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. राणीचं नाणं असेल तर नावापुढचा शब्द वाचा. 'क्वीन' असेल तर ते १८७६ पर्यंतचं, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ किंवा नंतरचं. १८६२ साल छापलेला रुपया १८६२ मध्येच पाडलेला असेल असं नाही. १८७४ पर्यंत तेच साल छापत राहिले, आणि सालाच्या बाजूला येणाऱ्या बारीक ठिपक्यांवरून अभ्यासक टांकसाळ नि वर्ष ठरवतात. ते ठिपके भिंगाखाली मोजून वहीत लिहा. उघड्या डोक्याचा, दाढीवाला राजा म्हणजे सातवा एडवर्ड, त्याचे रुपये १९०३ ते १९१० चे. मुकुट आणि भरजरी झग्यातला पाचवा जॉर्ज १९११ पासून. हा १९११ चा रुपया हाती आला तर जरा थांबा. राजाच्या झग्यावर, छातीशी एक चिमुकला हत्ती आहे. त्या वर्षी त्याची सोंड आखूड आणि शेपूट-पाय असे उमटले, की तो डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांत कुरबूर झाली. नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून सोंड नीट लांब कोरलेला हत्ती आला. म्हणून १९११ चा रुपया इतर सालांपेक्षा जास्त मागितला जातो.

सहाव्या जॉर्जपाशी आलात की सावध. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर, ५० टक्क्यांवर आणली गेली, वजन मात्र तेवढंच ठेवलं. १९४७ च्या रुपयात, ज्यावर वाघ आहे, चांदी अजिबात नाही, तो निकेलचा आहे आणि चुंबकाला टपकन चिकटतो. तुमच्या आठातले जे चिकटतील ते निकेलचे किंवा लोखंडी गाभ्याचे नकली. चांदी आणि तांबं चुंबकाला दाद देत नाहीत.

खरी चांदी किती, हे घरच्या घरी कळतं. 'खणखणीत नाणं' म्हणून लोक फरशीवर आपटून पाहतात. तसं करू नका, कडेला खोक पडते. काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली छोटी हलकी प्लॅस्टिकची वाटी ठेवा (काट्याची क्षमता बहुधा २०० ग्रॅमच असते, काचेचा पेला जड होतो) आणि काटा शून्यावर आणा. नाणं शिवणाच्या बारीक दोऱ्याने बांधून हाताने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल, त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा कोरडं वजन ११.६० आणि पाण्यातला आकडा १.१२, तर भागाकार १०.३६. हा ९१.७ टक्के चांदीचा. १९४२ चा असेल तर आकडा साधारण १.२२ येईल आणि भागाकार ९.५. जर्मन सिल्व्हरच्या (तांबं, निकेल नि जस्त यांचा मिश्रधातू, चांदी नाहीच) नकलेत १.३४ च्या आसपास, म्हणजे ८.६ किंवा ८.७. पृष्ठभागाला बुडबुडे चिकटले तर उत्तर खोटंच कमी येतं, म्हणून नाणं पाण्यात एकदा हलकेच हलवा. तीनदा मोजा. घासून झिजलेल्या रुपयाचं वजन ११.३ पर्यंत उतरलेलं असू शकतं, पण भागाकार बदलत नाही. या एका चाचणीने १९३९ च्या खोट्या रुपयांतले बरेचसे पकडले जातात. १९३९ चा रुपया फार कमी मिळतो, त्यामुळे चाळीसच्या दशकातल्या रुपयाचं साल कोरून ३९ केलेले फिरत असतात. भागाकार ९.५ आला तर तो १९३९ चा नाही. १९३८ च्या रुपयावर केलेली कलाकारी मात्र इथे सुटते, कारण चांदी तीच. तिथे भिंगाखाली शेवटच्या ९ च्या भोवती पाहायचं : आजूबाजूची जागा खरवडलेली, चमक वेगळी, किंवा आकड्याच्या मुळाशी जोडाची रेघ.

एखाद्या रुपयाला कधीकाळी कडी लावून तो माळेत ओवला असेल, तर कडेवर डाखाचा डाग राहतो. तो भरून काढता येत नाही, आणि असं नाणं सहसा चांदीच्या भावातच जातं.

१७८० चं मोठं नाणं बहुधा ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थालर आहे. आगबोटीवरच्या माणसाच्या डब्यात तो असणं अगदी स्वाभाविक. एडन, जेद्दा, इथिओपिया या सगळ्या किनाऱ्यावर हेच नाणं चालायचं, आणि लोकांना १७८० साल असलेलंच हवं असायचं. म्हणून राणी वारल्यावरही तेच साल घालून ते पाडत राहिले. व्हिएन्नात, रोममध्ये, लंडनमध्ये, आणि १९४०-४१ मध्ये चक्क मुंबईच्या टांकसाळीत. तेव्हा साल पाहून अडीचशे वर्षांचं समजू नका. वजन २८.०७ ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटरच्या आसपास, चांदी ८३.३ टक्के. कड नीट पाहा. खऱ्या थालरच्या कडेवर कंगोरे नसतात, उठावाची लॅटिन अक्षरं आणि मध्ये नक्षी असते. ओतीव नकलेत ती अक्षरं बोथट असतात किंवा कडेवर सबंध गोल शिवण दिसते. कोणत्या टांकसाळीचा, हे गरुडाच्या पिसांच्या आणि राणीच्या दागिन्याच्या बारीक फरकांवरून ठरतं. स्पष्ट फोटो काढून जाणकाराला दाखवा.

सिंहाची नाणी पूर्व आफ्रिकेची असावीत, सिंहाच्या मागे डोंगर दिसतील. त्यांच्या शिलिंगात १९२१ पासून २५ टक्के चांदी होती, १९४८ पासून तीही गेली. ७.७८ ग्रॅमच्या शिलिंगात जेमतेम १.९ ग्रॅम चांदी म्हणजे धातूची किंमत नगण्य. आजोबा मोम्बासा, झांझिबारपर्यंत गेले असतील तर डब्यातली ती खूण म्हणून ही नाणी जपा. ब्रिटिश शिलिंग, हाफ क्राउन निघाले तर साल पाहा : १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी, १९२० ते १९४६ निम्मी, १९४७ पासून शून्य. अमेरिकन पाव आणि अर्धा डॉलर १९६४ पर्यंतचे असतील तर ९० टक्के.

अरबी आकडे वाचताना एक गल्लत हमखास होते. त्यांचा ५ आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. साल बहुतेक वेळा हिजरी असतं. त्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १३४४ असेल तर १३०३.७ अधिक ६२२, म्हणजे १९२५-२६. बडोदा, ग्वाल्हेर अशा संस्थानांच्या नाण्यांवर विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करा. परदेशी नाण्यावर देश कळलाच नाही, तर वजन, व्यास आणि धातू घालून न्यूमिस्टा या ऑनलाइन सूचीत शोधा. दोन-चार पर्याय उरतात आणि चित्रावरून नक्की करता येतं.

गोव्याच्या नाण्यांवर 'एस्तादो दा इंदिया' आणि १९५८, १९५९ किंवा १९६१ साल असेल तर ती शेवटच्या मालिकेतली, सेंताव्ह आणि एस्कुदची. १९५८ पर्यंत गोव्यात रुपिया नि टंगा चालत होते. मग सहा एस्कुदला एक रुपिया या दराने बदल झाला, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर ही नाणीही संपली. इतकी थोडी वर्षं चालूनही ती विपुल सापडतात, भाव फार नाही. 'इंदिया पोर्तुगेझा' आणि राजा लुईशचं चित्र असलेली, १८८० च्या दशकातली तांब्याची पाव टंगा निघाली तर मात्र ती वेगळी काढा. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ चा, ब्राँझचा. घराघरांत आहे. तोही ठेवा, पण श्रीमंत करणार नाही.

शिवराईबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण या पाच नाण्यांवर तुमचा जीव सगळ्यात जास्त असणार. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र / पति'. १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची ही परंपरा. पण शिवराई लोकांना इतकी पसंत पडली, की पुढे पेशवाईत आणि पेशवाई गेल्यावरही ती पाडली जात राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बाजारात चालली. मधल्या काळात आडव्या दोन रेघांची 'दुदांडी' शिवराई आली. त्यामुळे घरात सापडणारी बहुतेक शिवराई महाराजांच्या स्वतःच्या काळातली नसते. महाराजांच्या काळातली म्हणून जास्त भावाने विकायला येणाऱ्या नाण्याकडे वजन आणि अक्षरांचं वळण पाहिल्याशिवाय वळू नये. चांगली, पूर्ण वजनाची शिवराई ११ ते १३ ग्रॅम भरते. दुदांडी सहसा त्याहून हलकी. हे नाणं हाताने ठोकलेलं असल्यामुळे ठसा नाण्याहून मोठा असतो, म्हणून एखादं अक्षर कडेबाहेर गेलेलं दिसतं. 'छ' अर्धाच, 'श्री' ची वेलांटी कापलेली, हे दोष नव्हेत, हीच खऱ्याची चाल. सगळी अक्षरं नेमकी मधोमध, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि कड कानशीने घासलेली, अशी शिवराई ओतीव असते. त्या पाच नाण्यांवरचा काळसर-तपकिरी थर हाच त्यांच्या वयाचा दाखला आहे. तो घासला की तांबं गुलाबी पडतं आणि खरं नाणंही नकली वाटू लागतं.

राम-सीता-लक्ष्मणाचं कंपनी १८१८ हे नाणं नाही. कंपनी सरकारने असं काही पाडलं नव्हतं. यात्रेत, फुटपाथवर मिळणारे हे अलीकडचे पितळी-तांब्याचे बिल्ले आहेत. हनुमान, ओम, कमळ अशा चित्रांनीही येतात. देवाचं चित्र आहे, देव्हाऱ्यात ठेवायला काहीच हरकत नाही. पण असल्याच नाण्याला 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून लाखो रुपयांना गंडा घालणाऱ्या टोळ्या आहेत, त्यांना दारात उभं करू नका.

आता हिरवं. हिरवं तीन प्रकारचं असतं आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक लागते. बांबूच्या टूथपिकने हलकेच टोचून पाहा. कडक, गुळगुळीत, धातूला घट्ट धरून असलेला गडद हिरवा थर म्हणजे स्थिर पुट. त्याला हात लावू नका. चिकट, तेलकट, पोपटी लेप असेल तर नाणी कधीतरी मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात होती. ते प्लॅस्टिक पीव्हीसी असतं, त्यातून आम्ल सुटतं आणि तांबं खातं. तिसरं हिरवं सगळ्यात वाईट : फिकट, पिठासारखं, टोचलं की भुकटी होऊन पडणारं, पुसलं तरी आठवड्यात पुन्हा उगवणारं. हा ब्राँझचा रोग. मिठातलं क्लोराइड तांब्यात शिरतं, दमट हवेत पुन्हा पुन्हा नवा क्षार तयार होतो आणि नाणं आतून पोखरलं जातं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, चार महिने पाऊस असलेल्या मालवणात याची भीती घाटावरच्यापेक्षा जास्त. असं नाणं आजच बाकीच्यांपासून वेगळं करा. सुकी भुकटी टूथपिकने काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून दर दिवशी पाणी बदला, आठवडाभर. मग पूर्ण कोरडं करून सिलिका जेलच्या डबीत एकटं ठेवा. हवा कोरडी असली की रोग थांबतो. पुन्हा भुकटी आली तर नाणं मूल्यवान असल्यास संग्रहालयाच्या संवर्धकाकडे न्या. पुढची रसायनं घरी वापरायची नाहीत.

बाकी नाण्यांची स्वच्छता अशी. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचे डाग पडतात. काचेच्या वाडग्यात एका वेळी एकाच धातूची नाणी, एकमेकांना न टेकणारी, २४ तास भिजत ठेवा. पाणी गढूळ झालं की बदला. नंतर ताज्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बोटाच्या टोकाने टिपल्यासारखं करा, ब्रश नको, अगदी बाळाचा टूथब्रशही नको. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. सुती जुन्या धोतराच्या तुकड्यावर ठेवून वरून दाबून टिपा, पुसू नका. मग कडेवर टेकवून तासभर पंख्याखाली.

हळदीचे डाग आणि प्लॅस्टिकचा चिकट लेप पाण्याने जात नाही, त्याला शुद्ध ॲसिटोन लागतं. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल, रंग आणि सुगंध असतो आणि तो नाण्यावरच राहतो. काचेच्या झाकणाच्या बरणीत नाणं बुडेल एवढं ॲसिटोन घेऊन १५ मिनिटं ठेवा, दुसऱ्या बरणीत ताज्या ॲसिटोनमधून काढा, हवेत सुकू द्या. प्लॅस्टिकची वाटी यात विरघळू शकते. खिडक्या उघड्या हव्यात, आणि स्वयंपाकघरात नको, निरांजनाजवळ तर मुळीच नको : ॲसिटोनची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीलाही पेट घेते. अक्षरांच्या खोबणीत दडून बसलेलं कुंकू यानेही पुरतं निघालं नाही तर तसंच राहू द्या. तांब्यावर घट्ट मातीची खपली असेल तर औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनमध्ये दोन आठवडे बुडवा, माती सैल होते, टूथपिकने हलकी उचला, मग तेल ॲसिटोनने काढा. खोबरेल किंवा गोडतेल नको, कालांतराने ते खवट होतं आणि त्यातली आम्लं तांब्यालाच खातात.

धुतल्यावर पत्र्याच्या डब्यात परत टाकू नका. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर, लाकडी खण, या सगळ्यांतून गंधक किंवा आम्ल सुटतं. नव्या रेनकोटसारखा वास येणारे अल्बम टाळा, तो वास पीव्हीसीचा. मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टर) खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी मिळतात, त्यात नाणं ठेवून तीन बाजूंनी स्टेपल मारा आणि पिना पक्कडीने सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो. चौकटी घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ठेवा आणि ५० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल. रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. ही बांधाबांध जानेवारी-फेब्रुवारीत करा. श्रावणात केली तर दमट हवाच आत कोंडाल.

किमतीचा हिशोब दोन पायऱ्यांचा. पहिली पायरी धातू : जुन्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, १९४० नंतरच्यात ५.८३, थालरमध्ये २३.३९. त्या दिवशीच्या चांदीच्या किलोच्या भावाला हजाराने भागून या आकड्याने गुणा. ही तळाची रक्कम. सराफ मोडीत घेताना त्यातून घट धरतो. दुसरी पायरी संग्राहकाची : साल आणि टांकसाळ किती दुर्मीळ, आणि नाणं किती शाबूत. झीज आधी उंच भागांवर दिसते. राणीच्या कानावरचे केस, राजाचा कान, झग्यावरच्या हत्तीचे पाय भिंगाने पाहा. केस एकेक मोजता येत असतील तर उत्तम, नुसतं सपाट पडलं असेल तर सामान्य. एकाच सालच्या दोन रुपयांत या फरकामुळे किंमत कित्येक पटींनी बदलते. भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेला आकडा धरू नका. लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेल्या नाण्यांचे निकाल नाण्यांच्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर असतात, तुमच्याच सालाचे आणि तुमच्याच दर्जाचे चार निकाल काढा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. शिवराई आणि संस्थानी नाण्यांचे प्रकार समजून घ्यायला तिथे एक दिवस जरूर काढा.

वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ मध्ये मोठ्या संख्येने बाजारात आली, तुम्हाला ती भाजीवाल्याकडूनही मिळतील. दीड लाख कुणी देत नाही. खरेदीदार कधीच आधी पैसे मागत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाने नोंदणी, कर किंवा दलाली मागणाऱ्यांविषयी बँकेने स्वतःच ऑगस्ट २०२१ मध्ये सूचना काढली होती. नंबर ब्लॉक करा, ओटीपी किंवा खात्याचा फोटो दिला असेल तर तुमच्या बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आजच कळवा.

भावाकडे पाठवायचं म्हणाल, तर १०० वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं. १९७२ च्या कायद्यानुसार ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ते घरचं असो, भेट असो. राणीचे, एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचे बहुतेक रुपये, शिवराई, सगळं यात आलं. थालरवर १७८० छापलेलं असताना तो मुंबईत १९४० ला पाडलेला आहे, हे विमानतळावर पटवत बसू नका. भावाला फोटो आणि वहीची प्रत पाठवा. आणि पुढे कधी परसात खणताना नाणी सापडलीच, तर ती घरची होत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात.

आईंच्या पूजेसाठी आठातला सगळ्यात जास्त घासलेला एक रुपया निवडा आणि तो कायमचा देव्हाऱ्याला द्या. त्याला चिंच, हळद, पंचामृत सगळं चालेल. बाकीचे सात चौकटीसकट चौरंगावर मांडा, कुंकू चौकटीच्या पुठ्ठ्यावर लावा.